मदत हवी आहे: कॉलेजच्या जुन्या जीएस (जनरल सेक्रेटरी), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी) यांची यादी कुठं मिळेल? (सांगली, १९९४ च्या आधीची)

गावभागातली

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात काढला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझे पप्पा सांगलीतल्या एका कॉलेजला होते, नाव लिहित नाही कारण पुढं थोडी तक्रार आहे. १९८२-८३ ला ते यूआर म्हणून निवडून आले होते. म्हणजे असं ते सांगतात. "सांगतात" म्हणायचं कारण एकच, घरात त्याचा एकही कागद नाही. एक ग्रुप फोटो होता, काचेच्या फ्रेममधला, तो २०१९ च्या पुरात गेला. कपाट फुगून दार उघडेना आणि उघडलं तेव्हा आत लगदा. तेव्हापासून आई दर दिवाळीला फराळाच्या ताटावर विषय काढते की तुम्ही नक्की यूआर होता का नुसते प्रचाराच्या सायकली फिरवत होता. पप्पा हसतात पण मला दिसतं ना, लागतं त्यांना.

आता दुसरी गोष्ट. मी पण त्याच कॉलेजची. माझ्या वेळेला, २००६ च्या आसपास, जिमखान्यात टेबल टेनिसच्या मागं एक मोठा लाकडी बोर्ड होता, काळ्या रंगावर पिवळ्या अक्षरात वर्षं आणि नावं. तेव्हा त्याच्याकडं कोण बघतंय, आम्ही त्यावर ओल्या टॉवेल्स वाळत घालायचो. आता माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि मी हौसेनं म्हणून बसले की तो बोर्ड परत रंगवून घेऊ. गेले तर बोर्डच नाही. रिनोव्हेशनमध्ये काढला. ऑफिसमध्ये विचारलं तर "मॅडम आमच्याकडं ॲडमिशन आणि परीक्षेचं रेकॉर्ड असतं, पुढाऱ्यांचं नसतं" असं उत्तर मिळालं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर तीन आठवड्यात अकरा नावं आली आणि त्यातल्या १९७९-८० च्या जीएस पदावर तीन काकांचा दावा आहे. तिघंही हयात आहेत, तिघंही तापट आहेत.

तर प्रश्न हा की ही यादी कागदावर कुठं तरी असणारच ना? शिवाजी विद्यापीठात? कोल्हापूरला जाऊन नक्की काय मागायचं? कुणी असलं काम केलंय का?

पन्हाळ्याचा लॉज

ताई, पहिलं म्हणजे तुमच्या पप्पांना नमस्कार सांगा, मी त्यांच्या मागून चार वर्षांनी यूआर होतो, साताऱ्याकडचं कॉलेज.

दुसरं, जीएस आणि यूआर यात घोळ करू नका, तुमच्या तीन काकांचं भांडण बहुतेक तिथंच आहे. आमच्या वेळी सीआर वर्गाचा, एलआर मुलींची, जीएस कॉलेजचा म्हणजे गॅदरिंग, जिमखाना, प्राचार्यांच्या केबिनबाहेर घोषणा हे सगळं त्याचं खातं, आणि यूआर म्हणजे कॉलेजनं विद्यापीठात पाठवलेला प्रतिनिधी. सगळ्या कॉलेजचे यूआर मिळून विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष निवडायचे. त्याशिवाय जिमखाना सेक्रेटरी वेगळा असायचा. चाळीस वर्षांनी सगळेच सांगतात "मी जीएस होतो", नातवाला यूआर समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आणि तुमच्या त्या बोर्डावर यूआर ची नावं होती का हे आठवून बघा. आमच्या कॉलेजच्या बोर्डावर फक्त जीएस होते. तसं असेल तर बोर्ड सापडला तरी पप्पांचं नाव त्यात नसणार, आणि आईंना आयतं कोलीत मिळेल.

माझं टोपणनाव असं का ते पण सांगून टाकतो. अध्यक्षपदाच्या मतदानाआधी आमच्या गटानं आम्हा सतरा जणांना पन्हाळ्याला नेऊन ठेवलं होतं, दुसऱ्या गटानं पळवू नये म्हणून. चार दिवस पत्ते, तांबडा पांढरा रस्सा आणि खाली जायला बंदी. पाचव्या दिवशी थेट मतदानाला. घरी सांगितलं होतं एनएसएस चा कॅम्प आहे. याचं रेकॉर्ड मात्र कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही.

गावभागातली

काका 🙏 पप्पांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "आम्हाला महाबळेश्वरला नेलं होतं, आमचा गट श्रीमंत होता". आई म्हणाली आता आणखी एक नवीन ऐकतेय.

बोर्डावर यूआर होते का खरंच आठवत नाही हो.

ग्रंथालयात काम करतो

ऑफिसचा नाद सोडा, लायब्ररीत जा. तुम्हाला हवं आहे ते कॉलेजच्या वार्षिक अंकात आहे. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला आर्ट पेपरवर फोटो असतात, त्यात विद्यार्थी मंडळाचा एक फोटो हमखास, प्राचार्य मधे बसलेले आणि खाली "बसलेले डावीकडून", "उभे डावीकडून" अशी सगळ्यांची नावं पदासकट. शिवाय मागच्या पानांत जिमखान्याचा अहवाल, गॅदरिंगचा अहवाल, प्राचार्यांनी बक्षीस समारंभात वाचलेला अहवाल. ते अहवाल कंटाळवाणे असतात म्हणून कुणी वाचत नाही पण नावं तिथंच असतात.

यात एक गंमत लक्षात ठेवा, अंक वर्ष संपता संपता निघतो, काही वेळा छपाई लांबली की पुढच्या वर्षी. म्हणून कव्हरवर १९८३ असेल तर आतलं मंडळ १९८२-८३ चं असू शकतं. एक वर्ष मागं पुढं असे दोन्ही अंक बघितल्याशिवाय यादीत वर्ष टाकू नका. लोकांच्या आठवणीत पण हाच घोळ असतो, कुणी निवडणुकीचं वर्ष सांगतो, कुणी गॅदरिंगचं.

कॉलेजात अंक नसतील तर कोल्हापूरला विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात विचारा. विद्यापीठ कॉलेजच्या नियतकालिकांची स्पर्धा घेतं, त्यासाठी कॉलेजं अंक पाठवतात, त्यातले काही तिथं टिकून असण्याची शक्यता आहे. तिथंच विद्यापीठाचे जुने वार्षिक अहवाल पण मागा.

सांगली नगर वाचनालयात जुन्या पेपरच्या फायली बघू म्हणून जाणार असाल तर आधी फोन करा. २०१९ ला तिथं पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली, काय उरलंय ते विचारूनच जा. पेपरमध्ये शोधायचंच झालं तर पुढारी आहे, आणि सकाळची कोल्हापूर आवृत्ती १९८० ला सुरू झाली म्हणजे तुमच्या पप्पांच्या वर्षाला ती पण आहे. अख्खं वर्ष चाळू नका, निवडणूक कुठल्या महिन्यात झाली ते पप्पांना विचारा आणि तेवढंच बघा.

टेंभूचा पाणीवाला

जुन्या कॅन्टीनवाल्याला विचारा. चेष्टा नाही. आमच्या जीएस ची उधारी त्याच्या वहीत वर्षवार होती.

दहा रुपयांचा स्टॅम्प

अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात सरळ अर्ज टाका. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील.

पण काय मागता त्यावर सगळं आहे. "१९६२ पासूनच्या सर्व जीएस ची यादी द्यावी" असं लिहिलंत तर "अशी यादी उपलब्ध नाही" हे उत्तर छापून तयार असतं, आणि ते कायद्यानं बरोबर पण आहे, कारण असलेलं रेकॉर्ड मागता येतं, नवीन यादी करून मागता येत नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या. निवडणुकीच्या निकालाची नोटीस, विद्यार्थी मंडळाच्या सभांचं इतिवृत्त, जिमखाना फंडाची खाती, अमुक वर्ष ते तमुक वर्ष. आणि प्रत नको, आधी अवलोकन मागा. समोर बसून फायली बघता येतात, मग हव्या त्या पानांच्या प्रती घ्या, पानाला २ रुपये.

ते म्हणाले की रेकॉर्ड नष्ट झालं, तर नष्ट केलेल्या रेकॉर्डची नोंदवही मागा. "भंगारात गेलं असेल" हे उत्तर नाही, कुणी, कधी, कुणाच्या सहीनं ते सांगायला हवं. बोर्डाबद्दल पण हेच, जिमखान्याच्या डेडस्टॉक रजिस्टरला (सामानाची नोंदवही) तो बोर्ड असेल तर तो कुठं गेला त्याची नोंद पाहिजे.

खासगी माहिती म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा, २० वर्षांपेक्षा जुन्या गोष्टींना बहुतेक अपवाद लागू होत नाहीत.

कराडचा मास्तर

वरचं सगळं बरोबर आहे, पण यादी करायच्या आधी एक सांगतो, नाहीतर मेहनत करून चुकीचा बोर्ड रंगवाल. एकाच रकान्यात सगळी नावं लिहू नका. "जीएस" हा शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतला माणूस बदलला.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चं. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, आणि पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्याच्याही आधी मुंबई. म्हणजे सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, त्यानं तीन विद्यापीठं बघितली. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, त्यानं पण तीन. तुमचं कॉलेज जुनं असेल तर १९६२ च्या आधीच्या विद्यापीठ प्रतिनिधींसाठी कोल्हापूरला खेटे घालून उपयोग नाही.

मग १९७४ चा शिवाजी विद्यापीठ कायदा आला. तुमच्या पप्पांचं वर्ष या काळातलं. पोस्टर, प्रचार, मारामाऱ्या, खर्च, सगळं याच काळात वाढलं. १९८९ ला मुंबईत ओवेन डिसूझा या एनएसयूआयच्या (काँग्रेसची विद्यार्थी संघटना) कार्यकर्त्याचा खून झाला आणि कॉलेज निवडणुका बंद करा ही मागणी जोरात आली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणूक संपवली. त्यानंतर वर्गात पहिला आलेला आपोआप वर्गप्रतिनिधी, खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक यातून प्राचार्यांनी नेमलेले काही जण, दोन मुली, आणि ही पंधरावीस मुलं आपसात एक सचिव निवडणार. आम्ही त्यालाच जीएस म्हणत राहिलो. मी अशा मंडळावर तीन वर्षं शिक्षक म्हणून होतो, सचिवाची निवड स्टाफरूममध्ये चहा संपायच्या आत व्हायची. ज्याला मार्क जास्त त्याला सहसा हे नको असायचं, त्याची आई येऊन सांगायची की सर याला मोकळं करा, बारावीनंतर पहिल्यांदा नीट अभ्यास करतोय.

२०१६ च्या कायद्यानं थेट निवडणूक परत कागदावर आणली. २०१९ ला तारखा पण लागल्या होत्या, मग पूर, विधानसभा, पुढं ढकलल्या, त्यावर करोना.

म्हणून बोर्डावर निदान दोन भाग करा, १९९४ पर्यंतचे निवडून आलेले आणि पुढचे नेमलेल्या मंडळाचे सचिव. हजार पोरांची मतं घेऊन आलेला आणि टक्केवारीवर आलेला यांना एका रेषेत बसवणं दोघांवर पण अन्याय आहे. पुढच्या भागासाठी फार हिंडायला नको, नॅक चं (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) मूल्यांकन झालेलं असेल तर कॉलेजच्या वेबसाईटवर त्यांच्या अहवालात विद्यार्थी मंडळाची माहिती असते.

टेंभूचा पाणीवाला

मास्तर, माझी बहीण टक्केवारीवालीच सचिव होती, तिनं मुलींच्या वसतिगृहाला गरम पाणी आणलं. निवडून आलेल्यांनी आमच्या वेळी ऑर्केस्ट्रा आणला.

कराडचा मास्तर

मान्य. पण रकाना वेगळाच ठेवा.

गावभागातली

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय, दोन शनिवार यातच गेले.

लायब्ररीत गेले. वार्षिक अंक माळ्यावर, सुतळीनं बांधलेले, १९६८ पासून मधले सहा सोडून सगळे. ग्रंथपाल मॅडमनी स्वतः झटकून दिले. १९७९-८० चा प्रश्न सुटला, लॉजवाले काका तुम्ही म्हणाला तसंच, एक जीएस, एक यूआर, एक जिमखाना सेक्रेटरी. तिघांना फोटो पाठवला. त्यातले दोघं आता एकमेकांशी बोलतायत, तिसऱ्यांनी ग्रुप सोडला.

मास्तर, दोन रकाने करतेय. अवलोकनाचा अर्ज पण टाकलाय, फक्त त्या गेलेल्या सहा वर्षांसाठी.

आणि पप्पांचं वर्ष. अंक आहे, फोटो आहे, नावं पण आहेत, पण नेमका तो कोपरा वाळवीनं खाल्लाय. "उभे डावीकडून" च्या पुढं दोन नावं वाचता येतात, तिसऱ्याचं आडनाव गेलंय, कंसात "विद्यापीठ प्रति" एवढं शिल्लक आहे. तिसरा माणूस बेलबॉटम आणि मोठ्या कॉलरचा शर्ट घालून उभा आहे, केस कानावर. पप्पा म्हणतात मीच. आईनं चष्मा लावून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली हा शर्ट यांच्या थोरल्या भावाचा आहे, लग्नात मी बघितलाय, पण आतला माणूस कोण ते सांगता येत नाही.

तर या अंकाची दुसरी प्रत सांगली, मिरज, तासगाव, कुठंही कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपया कळवा. १९८२-८३ चा. फोटोचं पान तेवढं पुरे.