मेटलर्जीनंतर नॅनोमध्ये पीएचडी, पुढे काय?

प्रश्न: मेटलर्जीत (धातुशास्त्रात) बीटेक झालंय, गेट ही प्रवेशपरीक्षाही क्वालिफाय. नॅनोपार्टिकल्सवर (अतिसूक्ष्म कणांवर) पीएचडी करावी म्हणतोय पण घरचे म्हणतात एवढी वर्षं घालवून शेवटी प्रोफेसरच होणार ना?

उत्तर १: असं काही नाही रे. शास्त्रज्ञ मुरली शास्त्री बघ, पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) नॅनोकणांवर काम, मग टाटा केमिकल्स, नंतर आयआयटी बॉम्बे नि मोनाश विद्यापीठाच्या संशोधन अकादमीचे सीईओ झाले. टाटा केमिकल्सच्या टाटा स्वच्छ या पाण्याच्या फिल्टरमध्ये भाताच्या तुसाची राख नि नॅनो चांदीच होती की.

उत्तर २: सगळेच शास्त्री होत नाहीत हो 😀 जेआरएफ (पीएचडीवाल्यांची फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७ हजार, तेही वेळेवर आले तर.

उत्तर ३: आधी गाईड बघ, टॉपिक नंतर. आणि एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं यंत्र) स्वतः चालवायला शिक, नुसतं सॅम्पल देऊन रिपोर्ट आणू नकोस, कोटिंग-बॅटरीवाले इंटरव्ह्यूत तेच खोदून विचारतात.