मदत हवी आहे – मावसभाऊ ट्रेकमध्ये वारला, कारण अजून कळलं नाही, यूट्यूबवर मात्र त्याच्या मित्रालाच खुनी ठरवायलेत

नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल, पण पूर्ण वाचा ही विनंती, आणि ज्याला जे माहिती असंल ते सांगा.

माझा मावसभाऊ यंदा होळीच्या आधी गौताळ्याच्या बाजूच्या डोंगरात ट्रेकला गेला आणि तिथंच वारला. वय २४. किल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ते टाकलं की तेच व्हिडिओ वर येतात. सोबत एकच मित्र होता, शाळेपासूनचा, मावशीच्या हातचं जेवून मोठा झालेला पोरगा. वर पोचल्यावर भाऊ म्हणला मी सावलीत बसतो, तू टाक्याला पाणी आहे का बघून ये. मित्र बाटल्या घेऊन गेला, परत आला तर हा जागेवर नाही, तटाच्या खालच्या अंगाला पडलेला दिसला. हाका मारल्या, खाली उतरून हलवून बघितलं, श्वास नव्हता. फोनला रेंज नाही. मग तो पळत पायथ्याच्या गावात आला आणि गावातले लोक, पोलीस यांना घेऊन परत वर गेला. खाली येऊन पोलिसांना फोन लागेपर्यंत दोन तास गेले.

पोस्टमॉर्टममध्ये खरचटल्याशिवाय अंगावर मोठी जखम नाही असं आलंय, मृत्यूचं कारण राखून ठेवलंय, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) तपासणीला गेलाय, पोलिसांनी एडी म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केलीय. एवढंच. याच्या पलीकडं आमच्या घरात पण कुणाला काही माहिती नाही.

पण यूट्यूबवर सगळ्यांना सगळं माहितीय. एकानं दोघांचे इन्स्टावरचे फोटो उचलले, मित्राच्या तोंडाभोवती लाल गोल केला आणि वर लिहिलं 'दोन तास कुठं होता?' त्याचं बघून बाकीच्यांनी सुरू केलं. व्हिसेरा पाठवला म्हणजे विष दिलं. फोनचं शेवटचं लोकेशन चाळीसगावचं आहे मग बॉडी कन्नडच्या बाजूला कशी. कुणी पोरीचं प्रकरण जोडलं, कुणी उधारीचं, दोन्ही साफ खोटं. मावशीनं दुपारी टाकलेल्या 'जेवलास का' या मेसेजला संध्याकाळी दोन टिक आल्या, तो स्क्रीनशॉट आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपमधून बाहेर गेला, तर म्हणे मेल्यावर फोन कोण वापरत होतं? अरे बाबांनो, पोलिसांनी बॅग खाली आणली तेव्हा फोन बॅगेतच चालू होता, रेंजमध्ये आल्यावर मेसेज पोचला. दोन टिक म्हणजे पोचला, कुणी वाचला असं नाही. हे मी कमेंटमध्ये लिहिलं तर मलाच म्हणले तुला किती दिले.

मित्राच्या वडलांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानासमोर पोरं येऊन रील काढायलेत. तो घराबाहेर पडत नाही. तेराव्याला आला तर दारातच उभा राहिला, आत आलाच नाही.

आणि मला सगळ्यात जास्त भ्या ज्याचं होतं तेच झालं. परवा मावशी भाकरी थापता थापता थांबली अन् मला म्हणली, "खरं सांग रं, दोन तास लागतेत का खाली यायला?" तिला तो व्हिडिओ शेजारणीनं दाखवलाय. ज्या पोराला ती लेकासारखं वाढायची त्याच्यावर आता तिचा संशय बसायलाय, आणि कारण काय, तर कुणीतरी घरात बसून व्ह्यूजसाठी गोष्ट रचली म्हणून.

रात्री झोप लागत नाही म्हणून मी अशा केसेस वाचत बसतो. टेनेरिफ बेटावर १७ जून २०२४ ला इंग्लंडचा १९ वर्षांचा पोरगा डोंगराळ भागात बेपत्ता झाला, १५ जुलैला मास्का गावाजवळच्या दरीत त्याचा मृतदेह सापडला. तोवर जगभरच्या लोकांनी ड्रग गँग, अपहरण, काय काय लावलं, आईबापाला पण सोडलं नाही. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. एक वर्ष लागलं. आमच्याकडं किती लागंल?

तर मला हे विचारायचंय. व्हिसेराचा रिपोर्ट कधी येतो, कुठं विचारायचं, कागद घरच्यांना मिळतेत का? त्या पोराचे व्हिडिओ खाली कसे उतरवायचे? मावशीला लोकेशनचं अन् दोन तासांचं कसं समजावून सांगू? आणि आम्ही घरच्यांनी समोर येऊन बोलावं का गप बसावं? कृपा करून इथं तर्क लढवू नका, तेवढं सोडून काही पण सांगा.

प्रतिसाद १

दादा, वाचून लै वाईट वाटलं. त्या भागातले किल्ले फिरलोय म्हणून लोकेशनचं सांगतो. अजिंठ्याच्या डोंगराची वरची धार खानदेशाकडं सरळ कड्यानं तुटते. कड्याजवळ फोनला मागचं कन्नड दिसतच नाही, मधी डोंगर येतो, समोर मात्र चाळीसगावकडचं मैदान मोकळं पडलेलं असतं, तर फोन तिकडचाच टॉवर पकडतो. पोलीस ज्याला टॉवर लोकेशन म्हणतात ते टॉवरचं असतं, माणसाचं नाही. मावशींना शक्य असंल तर त्या बाजूच्या कुठल्यापण टोकावर न्या, खाली दिसणारं मैदान दाखवा, बोलून समजणार नाही ते बघून समजंल.

दोन तासांचं म्हणाल तर घाबरलेला एकटा माणूस, पाय कापायलेत, घसाऱ्याची वाट, उलट लवकर आला म्हणावं लागंल. रेंज नसल्यावर खाली येऊन माणसं घेऊन जाणं हेच बरोबर. (सगळ्यांसाठी: आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघायचं, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असंल तर त्यावरून लागतो. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन पण ट्रेकच्या आधीच फोनमध्ये सेव्ह करा.)

प्रतिसाद २

मी सरकारी दवाखान्यात काम केलंय, त्यामुळं व्हिसेराचं नीट लिहिते. पोट, आतडं, लिव्हर, किडनीचे तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. शवविच्छेदनात कारण स्पष्ट दिसलं नाही की हे करतातच, त्यावरून विषाचा संशय आहे असा अर्थ काढायचा नसतो. विभागीय प्रयोगशाळा संभाजीनगरलाच आहे, पण तिथं चकरा मारू नका. ज्या पोलीस ठाण्यात एडी आहे तिथल्या तपास अंमलदाराला लेखी अर्ज द्या, एडी नंबर टाका, पोचचा शिक्का घ्या. पोस्टमॉर्टम रिपोर्ट आणि पंचनाम्याची प्रत जवळच्या वारसानं मागायची, म्हणजे अर्ज मावशींच्या नावानं करा. आधीच्या सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७४ च्या जागी १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १९४ आहे, अहवाल उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो, तिथं पण चौकशी करता येते.

आणि एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. उष्माघात किंवा हृदयाचे ठोके अचानक बिघडणं, यात शवविच्छेदनात ठळक खूण सापडतेच असं नाही. विष नाही असा रिपोर्ट आला तरी नेमकं कारण पक्कं लिहिलेलं नसेल, असं होऊ शकतं. मावशींना हे आत्ताच हळूहळू सांगा, नाहीतर त्या दिवशी व्हिडिओवाले 'बघा, अजून कारण नाही' म्हणून परत सुरू होतील.

प्रतिसाद ३

व्हिडिओचं सांगतो. रिपोर्ट मारायच्या आधी प्रत्येकाची लिंक, चॅनलचं नाव, तारीख, स्क्रीन रेकॉर्डिंग सेव्ह करा, एकदा उडाला की पुरावा पण जातो. फोटोसाठी यूट्यूबवर प्रायव्हसीची तक्रार मित्रानं स्वतः करायची, भावासाठी घरच्यांनी. सोबत आयटी नियम २०२१ प्रमाणं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, दाद नाही मिळाली तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ग्रीव्हन्स अपेलेट कमिटीकडं अपील. जिवंत माणसाला नाव घेऊन खुनी म्हणणं ही बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३५६ ची बदनामी आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना दुखवायच्या हेतूनं खोटं बोललं तरी तेच कलम लागू शकतं. आधी वकिलाची नोटीस पाठवा. दुकानासमोर येणाऱ्या पोरांची तक्रार मित्राच्या वडलांनी आजच ठाण्यात द्यावी.

समोर येऊन बोलण्याचं म्हणाल तर कमेंटमध्ये एकेकाला उत्तर देऊ नका, तुमच्या उत्तरातूनच पुढचा व्हिडिओ बनतो. घरच्यांच्या सहीनं एकच छोटं निवेदन काढा, त्यात मित्रावर आमचा संशय नाही हे स्पष्ट लिहा.

धागाकर्ता

तिघांचे पण लै लै आभार. मैदानाचं मला सुचलंच नव्हतं, मीच कितीदा त्या घाटानं चाळीसगावला गेलोय. सोमवारी मावशीला घेऊन ठाण्यात अर्ज द्यायला जातो. लिंका काढायला बहिणीला बसवलंय. निवेदन लिहून ठेवीन, पण त्यावर मावशीनं मनापासून सही करावी असं वाटतं, माझ्या आग्रहानं केलेली नको.

म्हणून अजून एक विनंती. इथं कुणाच्या घरात असं झालं असंल, तरुण माणूस गेला आणि कारण कळायला वेळ लागला किंवा कळलंच नाही, अशा कुणी आई किंवा मावशी-काकू असतील आणि माझ्या मावशीशी फोनवर बोलायला तयार असतील, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझं ती ऐकते, पण मी पोरगाच आहे तिच्यासाठी.