अख्खं गाव पोर वाढवतं. कोणाचं?

अर्जुनाकाठची
गेल्या आठवड्यात फिरत असलेली ती पोस्ट वाचली असेलच. पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन राजापुरात राहायला आलेलं जोडपं, दोघांचं काम लॅपटॉपवर, मुलगा पहिलीत. "इथे मुलाला अख्खं गाव वाढवतंय, आम्ही फक्त जेवायला घालतो." खाली सहाशे बदाम. मी सोडून दिलं होतं. पण नणंदेने तीच पोस्ट मला पाठवली, वर "बघ, लोक हौसेने तुझ्या गावाला येतात आणि तू रडत असतेस". म्हणून लिहितेय.

19 वर्षं इथे संसार केलाय. मुलगी आता कोल्हापूरला शिकते, मुलगा दहावीला. गाव वाढवतं हे खोटं नाही. मुलगी चौथीत असताना अर्जुना नदीचं पाणी जवाहर चौकात चढलं, शाळा मध्येच सुटली. हे रत्नागिरीला, मी सासूबाईंना माडीवर चढवण्यात. आमच्या भुसारवाल्याने दुकानातली साखरेची पोती उचलायची सोडून तिला खांद्यावर बसवून घरी आणली. चार पोती विरघळली त्याची. आजही विषय काढला तर म्हणतो, "साखर काय गो, परत येते."

तीच मुलगी अकरावीत डेपोसमोर वर्गातल्या मुलाबरोबर वडापाव खाताना दिसली. ती घरी पोचायच्या आत मला तीन फोन. आमची राजापूरची गंगा, म्हणजे मधूनच जमिनीतून उफाळणारे झरे, तीन-तीन वर्षं वाट बघायला लावते, बातमीला तीन मिनिटं पुरतात. त्यातला एक फोन त्याच भुसारवाल्याचा, आवाजात तीच माया. मुलगा मात्र रात्री अकरापर्यंत पुलावर बसलेला असतो, त्याच्याबद्दल आजतागायत एक फोन नाही. गाव पोरगा वाढवतं, पोरीवर पहारा ठेवतं. पहिलीतल्या मुलावरून गावाला सर्टिफिकेट देऊ नका. दहा वर्षं थांबा.

चाकरमानी
ताई, फोन आले याचं तुम्हाला दुःख. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका गेले ते वास आल्यावर कळलं. वडापाव बघणारेच तिची कोणी छेड काढली असती तर आधी धावले असते.

अर्जुनाकाठची
धावले असते. आणि संध्याकाळी विचारलं असतं, ती तिथे करत काय होती.

नवा राजापूरकर
ती पोस्ट माझी. एक दुरुस्ती: फ्लॅट भाड्याने दिलेला नाही, तिथे भाऊ राहतो. बाकी, मला जे दिसलं ते लिहिलं. पुण्यात माझा मुलगा लिफ्टमध्ये कोणाशी बोलायचा नाही. इथे त्याला पाच घरं माहीत आहेत जिथे न विचारता फणसाचे गरे मिळतात. मी समाजशास्त्राचा प्रबंध लिहीत नव्हतो.

घाटावरची
म्हणजे पुण्याची किल्ली खिशात आहे. मग कुठलंही गाव गोडच लागतं. मी मंगळवेढ्यात वाढले, किल्ली नव्हती. आणि गावं एवढी प्रेमळ असती तर सरकारला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला नसता. आधी तुमच्या कोकणातली वाळीत टाकल्याची प्रकरणं आठवा.

मास्तर (निवृत्त)
असहमत. कोकण बोर्ड 2012 मध्ये वेगळं झालं, तेव्हापासून दहावीला सलग पहिलं. 2024 चा निकाल 99.01 टक्के. ही पोरं काय मलबार हिलला वाढली? 31 वर्षं शिकवलंय. पोरगा शाळा चुकवून नदीवर गेला तर मधल्या सुट्टीत त्याची आजी त्याचा कान धरून वर्गात आणून सोडायची. हे शहरात करून दाखवा.

घाटावरची
99 टक्के पास होऊन जातात कुठे, मास्तर? मुंबईला. तुमच्या शाळा म्हणजे रोपवाटिका, लागवड दुसऱ्याच्या शेतात. शिवाय आजारपण? रात्री पोराला झटके आले की काय करता?

चाकरमानी
डॉक्टरांवर बोलू नका. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार कुठे उभा राहिला? मुंबईच्या फाइव्ह स्टारमध्ये नाही. महाड-पोलादपूरकडच्या सरकारी दवाखान्यांत. डॉ. हिंमतराव बावसकरांनी केलं ते, पद्मश्री मिळाली 2022 ला.

अर्जुनाकाठची
बावसकरांना दंडवत. पण असे डॉक्टर किती? धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा आम्ही पावसात, रात्री दोन वाजता, अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला नेला. गाडी शेजाऱ्याची, डिझेलही त्याचंच. हे चांगलंय की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोपऱ्यातला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता कोणीतरी रिफायनरीच्या वादाचा विषय काढणार, पैज.

पडवीतला
रिफायनरी राहू दे, आधी एसटी. घाटावरच्या ताई, पोरं पास होऊन मुंबईला जातात म्हणता. आमच्या वाडीतली तालुक्यापर्यंतच पोचत नाहीत. वाडी राजापूरपासून 17 किलोमीटर. धाकटी बहीण बारावी सायन्सला, अहिल्याबाई होळकर योजनेतला फुकट पास. नोव्हेंबर 2021 ला संप झाला तो एप्रिलपर्यंत. पास पाकिटात, गाडी नाही. वडापवाला (शेअर जीपवाला) जायचे चाळीस घ्यायचा, यायचे चाळीस. बाबा रोजंदारीवर. जानेवारीत प्रॅक्टिकलं बुडाली, तिने कॉलेज सोडलं. विसाव्या वर्षी लग्न झालं. तुम्ही खुशाल वडापावावर भांडा.

खाकी
अवांतर आहे, पण राहवत नाही. मी कंडक्टर. संप हौसेने केला नाही. हातात किती पगार यायचा माहीत आहे का? त्या पाच महिन्यांत बायकोचं मंगळसूत्र सोसायटीत गहाण होतं. ज्याला त्याला एसटीवाला दिसतो शिव्या द्यायला.

पडवीतला
शिव्या कुठे दिल्या? गाडी नव्हती एवढंच म्हटलं. मंगळसूत्र सोडवता येतं. बारावीचं वर्ष सोडवून दाखवा.

खाकी
भाषा सांभाळ. तुमच्या वाड्यांत वस्तीची गाडी घेऊन आम्हीच येतो. रात्री साडेनऊला गाडी लावायची, शाळेच्या पडवीत अंथरूण टाकायचं, पहाटे बूट झटकून घालायचे, आत विंचू निघतो. सव्वासहाला पहिली फेरी. अख्खं गाव पोरं वाढवतं ना? त्या गावाने मला कधी "जेवलास का रे" विचारलं नाही. तीन वर्षं तो रूट केलाय.

मास्तर (निवृत्त)
वस्तीच्या गाडीच्या माणसांना आमच्याकडे घरात जेवायला घालत. हल्ली माणसंच उरली नाहीत वाडीत, म्हातारी तेवढी राहिलीत.

घाटावरची
धागा कशावर होता, कोणाला आठवतंय का?

पडवीतला
@खाकी, सगळ्या वाड्या एका मापाने मोजू नका. आमच्या आईने वस्तीच्या गाडीला पहाटेचा चहा एक दिवस चुकवला नाही. स्वतः पितळी तांब्यातून शाळेपर्यंत नेऊन द्यायची.

खाकी
पितळी तांब्या, आणि चहात आलं नाही, गवती चहा?

पडवीतला
हो.

खाकी
वर कातळाचा सडा, खाली विहीर, शाळेला लागून फणस. मी चव्वेचाळीस नंबरचा बूट घालायचो म्हणून तुझी आई हसायची. साखर फार घालायची. बरं, चहा मिळालाय, मान्य. बाकीच्या दोन वाड्यांत नाही मिळाला, तेही लिहून ठेव.
तुझी बहीण पहिल्या सीटवर बसायची, मांडीवर केमिस्ट्रीचं जाड पुस्तक. उतरताना विसरली होती एकदा, मी परत आणून दिलेलं. ती शिकत असेल असंच डोक्यात होतं.

पडवीतला
आता फणससुद्धा सांगितलात. अर्ध्या तालुक्याला कळलं मी कोण ते. टोपणनाव कशाला घेतलं होतं मी?

नवा राजापूरकर
माझा मुद्दा हाच तर होता ना? :)

अर्जुनाकाठची
तुमचा नाही, माझा. त्याच्या बहिणीच्या सासरी कोण कोण हे वाचतंय तेही आता मोजा. पडवीतल्या, मुक्त विद्यापीठात बारावीशिवाय प्रवेशाची तयारी करून घेतात का ते तिला बघायला सांग, मीही विचारते इथे.

चाकरमानी
बघा, ताई, रडता रडता गावच वाढवायला लागलात.

अर्जुनाकाठची
टोमणा पोचला. पण मुलीला कोल्हापूरहून परत बोलावणार नाही, तेवढं लिहून घ्या.
आत्ताच नणंदेचा फोन येऊन गेला. भुसारवाल्याच्या मुलाने हा धागा त्याला वाचून दाखवला म्हणे. वडापावाच्या फोनबद्दल काही बोलला नाही. पोती चार नव्हती, सहा होती, एवढं दुरुस्त करायला सांगितलंय.