यीस्टचं प्रोटीन स्प्लायसिंग: पोट्ट्याइले रचना दाखवाची की चार पायऱ्या पाठ करवाच्या?

वऱ्हाडी_मास्तर:
आमच्या तालुक्याच्या कॉलेजात स्टाफरूममधी यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथं टाकून राह्यलो. एक सहकारी म्हणते, बीएस्सीले इंटीनच्या (प्रोटीनमधून सोताच कापून सुटणारा तुकडा) पायऱ्या सांगा अन् पुढं चाला, थ्रीडी रचना कायले? मले हे बिलकुल पटत नाही. यीस्टचं व्हीएमए१ जीन घ्या, त्याच्यापासून जे लांब प्रोटीन बनते त्याच्या मधात ४५४ अमिनो ॲसिडचा तुकडा राहते, तो सोताच कापून बाहेर येते अन् दोन्हीकडचे तुकडे जोडून देते, एटीपी (पेशीतली ऊर्जा) नाही लागत, दुसरं एन्झाइम नाही लागत. आता फळ्यावर सरळ रेघ काढली तं सिस्टीन हे अमिनो ॲसिड १ नंबरवर अन् ॲस्पॅराजीन हे ४५४ वर. यायची गाठ पडते कशी? साखळी दुमडून दोन्ही टोकं शेजारी येतात म्हणून! हेच नाही दाखवलं तं मग शिकवलं काय?

नेटसेट_तयारी:
सर, राग मानू नका पण पेपरात पायऱ्याच विचारतात. एस्टर (कच्चा जोड) बनणं, आधीचा तुकडा इंटीनच्या लगेच पुढच्या सिस्टीनवर जाणं, ॲस्पॅराजीन गोल होऊन इंटीन सुटणं, शेवटी दोन्ही तुकड्यात पक्का पेप्टाइड बॉन्ड (अमिनो ॲसिड जोडणारा). पोट्टे सकाळच्या एसटीनं येतात, दुपारी वावरात जातात, त्याइले एवढं आलं तरी लय झालं. अन् १९९७ ची जी क्रिस्टल रचना (प्रोटीनचे स्फटिक करून काढलेली थ्रीडी रचना) आहे ती तं सुटून बाहेर आलेल्या इंटीनची होती, काम झाल्यावरची! त्याच्यावरून काम कसं झालं हे छातीठोक कसं सांगता?

लॅबवाली_ताई:
दादा, मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. नंतर लोकांनी मोक्याचे अमिनो ॲसिड बदलून रिॲक्शन अडवली आणि दोन्हीकडचे थोडे तुकडे लागलेले असतानाच क्रिस्टल केले. पायऱ्यांचं म्हणाल तर त्याही कामाच्याच आहेत. आमच्याकडे प्रोटीन शुद्ध करायला हाच यीस्टचा इंटीन वापरायचो, ॲस्पॅराजीनच्या जागी ॲलानीन टाकलं की तो पूर्ण सुटत नाही, त्याला जोडलेल्या कायटिन धरणाऱ्या तुकड्यामुळे कायटिनच्या कॉलमला चिकटून बसतो, मग डीटीटी हे रसायन टाकलं की आपलं प्रोटीन तेवढं खाली येतं.

वऱ्हाडी_मास्तर:
बरोबर बोलल्या ताई. अन् भाऊ, पायऱ्याइनं एक गोष्ट कधीच दिसत नाही. हाच तुकडा डीएनए पण कापते. रचनेत दोन भाग वेगळे दिसले, एक मुख्यतः बीटा पट्ट्याइचा, स्प्लायसिंगवाला, दुसरा डीएनए कापणारा. काही इंटीनमधी दुसरा भाग नसतेच तरी स्प्लायसिंग होते. अन् पहिल्या भागासारखीच घडी फळमाशीच्या हेजहॉग प्रोटीनमधी सापडली, तेबी १९९७ लेच. कुठं यीस्ट अन् कुठं माशी! हे ऐकून पोट्ट्याचे डोळे चमकतात, मी पाह्यलं हाय. प्रोजेक्टर नसला तं पोतं शिवाची सुतळी घ्या, दोन टोकाइले रंग लावा अन् दुमडून दाखवा.

नेटसेट_तयारी:
सुतळीनं टोकं जवळ येतील सर, ते मान्य. पण ७९ अन् ४५३ नंबरचे हिस्टिडीन (हेबी अमिनो ॲसिडच), जे खरा बॉन्ड तोडाले मदत करतात, ते सुतळीत कसे दाखवान? तिथं शेवटी पायऱ्याच सांगा लागन. म्हणून मी म्हणतो, आधी पायऱ्या पक्क्या करा, रचना एमएस्सीले.