झाकायला गेलो आणि बंद केलं : कीबोर्डच्या फजितीचे अनुभव

पंधरा वर्षं विंडोजवर काढली आणि नव्या नोकरीत हातात मॅक आला. पहिल्याच आठवड्यात ब्राउझरचा एक टॅब मिटवायला कमांड-डब्ल्यू दाबायचं होतं. बोट घसरलं, कमांड-क्यू लागलं आणि अख्खा ब्राउझर गेला, अर्धा भरलेला प्रवासखर्चाचा फॉर्म घेऊन. क्यू आणि डब्ल्यू सख्खे शेजारी. एकाकडे 'हा टॅब मिटव' आणि दुसऱ्याकडे 'दुकानच बंद कर' ही कामं ज्यानं दिली त्याला एकदा भेटायचंय. तुमचं असं काही झालंय का? बटणांची यादी नको, ती कुठेही मिळते. घडलेलं सांगा.

*

आमचं डीटीपीचं दुकान. लग्नसराईत कोरलमध्ये (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) सात-आठ पत्रिका एकदम उघड्या असतात. कंट्रोल-एफ४ नं समोरची फाइल मिटते, ऑल्ट-एफ४ नं कोरलच. कामावर नव्या आलेल्या पोरानं दुसरं दाबलं. आता प्रत्येक पत्रिकेला 'सेव्ह करायचं का' विचारणार ना? गिऱ्हाईक डोक्यावर उभं, म्हणून हा घाईत 'नो, नो' करत गेला. तीन पत्रिका 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून पुन्हा टाइप केल्या. त्या चौकटीत कॅन्सलही असतं, ते दाबलं की बंद होणं तिथंच थांबतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. खरं सांगायचं तर मलाही.

*

२०२०, घरून काम, मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर केलेली. मागे दुसऱ्या कंपनीचा नोकरीचा अर्ज उघडा आहे हे ध्यानात आल्यावर विंडोज-डी दाबलं. सगळं झाकलं गेलं, डेस्कटॉप आला. घाबरून पुन्हा एकदा दाबलं, खात्रीसाठी! विंडोज-डी दुसऱ्यांदा दाबलं की झाकलेलं सगळं जसंच्या तसं परत येतं. अर्ज साहेबांसमोर. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा डेस्कटॉपवरची 'रेझ्युमे नवा' नावाची फाइल दिसत होती, म्हणजे तिथंही सुटका नाहीच.

आता विंडोज-एम वापरतो. ते कितीही वेळा दाबा, खिडक्या खालीच राहतात. वर आणायला विंडोज-शिफ्ट-एम मुद्दाम दाबावं लागतं. घाबरट माणसाला हेच बरं. (नोकरी त्यांनी दिली नाही. अजून इथंच आहे.)

*

ऑल्ट-एफ४ मायक्रोसॉफ्टच्या डोक्यातून निघालं असं पोरं समजतात. १९८७ साली आयबीएमनं कॉमन यूझर अ‍ॅक्सेस नावाची नियमावली काढली, त्यात ते होतं. त्याच घरातलं ऑल्ट-एफ९ खिडकी लहान करायला होतं. तेव्हा कीबोर्डवर विंडोजचं बटणच नव्हतं. एफ४ टिकलं, एफ९ ची आठवण आमच्यासारख्या निवृत्तांना.

*

मला दिसत नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतो, मराठीसाठी ई-स्पीकचा संगणकी आवाज. कोपऱ्यातली ती फुली मी आयुष्यात कधी दाबलेली नाही. तुमच्यासाठी शॉर्टकट म्हणजे जवळची वाट. माझ्यासाठी तोच हमरस्ता.

माझी अडचण निराळी असते. खिडकी मिटली की पुढची कुठली समोर आली ते ऐकेपर्यंत थांबायला हवं. सुरुवातीला मी भराभर ऑल्ट-एफ४ मारायचो आणि शेवटच्या खिडकीनंतरही एक जास्तीचं बसायचं. डेस्कटॉपवर ऑल्ट-एफ४ म्हणजे संगणक बंद करायची चौकट. त्यावर सवयीनं एंटर. दोनदा मशीन असंच झोपवलंय. आता एनव्हीडीएचं बटण आणि टी दाबून खिडकीचं नाव ऐकतो, मगच मिटवतो.

*

कंट्रोल-शिफ्ट-टी. चुकून मिटलेला टॅब परत. फक्त इन्कॉग्निटोतला (क्रोमच्या खासगी खिडकीतला) येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

*

सगळ्यांचं वाचून हसले, आता माझं. वय ७१, निवृत्त शिक्षिका. मुलगा परदेशात. लॅपटॉपवर जाहिरातीची खिडकी जाईना म्हणून त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, ऑल्ट धरून ठेव आणि एफ फोर दाब." मी ऑल्ट धरला, मग एफ दाबला, मग चार दाबला. काही होईना. वीस मिनिटं तो तिकडून "दाबलंस का?" आणि मी इकडून "अरे दाबलं रे!" शेवटी व्हिडिओ कॉलवर कीबोर्ड दाखवला तेव्हा कळलं, एफ४ हे वरच्या ओळीतलं एकच बटण आहे.

ते दाबलं तर आवाज वाढला. या लॅपटॉपवर त्या ओळीची बटणं आवाज-उजेडाची, एफ४ हवं तर एफएन सोबत धरायचं. म्हणजे तीन बटणं, आणि माझ्या उजव्या हाताला संधिवात. मुलानं सुचवलं, ऑल्ट-स्पेस दाब, मेनू उघडला की सी. एकेक करून दाबता येतं. मेनूत एन दाबलं की खिडकी खाली जाते, मिटत नाही. सी आणि एन, दोन्ही वहीत लिहून ठेवलंय.

*

धागाकर्ता (पहिला प्रश्न विचारणारा) : काकू, वहीत मॅकसाठी एक ओळ ठेवा. कमांड-एच नं झाकलेलं कमांड-टॅबनं लगेच परत येतं. कमांड-एम नं डॉकमध्ये (मॅकवरची आयकॉनची पट्टी) घातलेली खिडकी मात्र नुसत्या कमांड-टॅबनं वर येत नाही. मी बरेच दिवस एम दाबून खिडकी शोधत बसायचो. आणि क्रोमच्या मेनूत 'वॉर्न बिफोर क्विटिंग' आहे, ते चालू केलं की कमांड-क्यू धरून ठेवावं लागतं. काल बोट पुन्हा घसरलं, ब्राउझर जागच्या जागी होता.