नोव्हेंबरचा मुलगा: पहिलीत यंदा घालावा की पुढच्या वर्षी?

प्रश्न: सिंहगड रस्ता, पुणे (फेब्रुवारी २०२५)

आमच्या मुलाचा जन्म १४ नोव्हेंबर २०१९ चा असून तो सध्या घराजवळच्या बालवाडीत मोठ्या गटात आहे. ३१ डिसेंबरपर्यंत त्याला सहा वर्षे पूर्ण होत असल्याने येत्या जूनमध्ये त्याला पहिलीत प्रवेश मिळू शकतो. मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी तो जेमतेम साडेपाच वर्षांचा असेल आणि वर्गातील काही मुले त्याच्याहून जवळजवळ वर्षभराने मोठी असतील. तो भरपूर बोलतो, ऐकलेली गोष्ट आपल्या पदरची भर घालून सांगतो, शंभरपर्यंत अंक म्हणतो. परंतु पेन्सिल अजून मुठीत धरतो, दहा मिनिटांत हात दुखतो म्हणून उठतो, आणि बालवाडीत लघवीला जायचे असले तरी ताईंनी विचारल्याशिवाय सांगत नाही.

सासूबाईंचे म्हणणे असे की त्यांची सर्व मुले पाचव्या वर्षीच शाळेत गेली आणि कोणाचे काही अडले नाही. यजमानांना वाटते की मोठा गट पुन्हा केल्यास वर्ष वाया जाईल. शाळेच्या कार्यालयात विचारले तर "नियमात बसतो, घेऊ" एवढेच उत्तर मिळाले. ज्यांनी हा निर्णय एकदा घेतला आहे, त्यांनी तो कशाच्या आधारे घेतला हे कृपया सांगावे.

उत्तर १: शाळेच्या कार्यालयात अनेक वर्षे काम केलेला एक सदस्य

प्रथम नियमापुरते सांगतो. ३१ डिसेंबर ही तारीख किमान वयाची आहे, त्या वर्षी मूल पहिलीत घातलेच पाहिजे असा तिचा अर्थ नाही. ही तारीखही कायम तीच नव्हती. आधी ती जुलैअखेर होती, मग सप्टेंबरअखेर झाली आणि २०२० च्या शासन निर्णयाने डिसेंबरअखेर गेली. म्हणजे सप्टेंबरअखेरची तारीख कायम राहिली असती, तर हा प्रश्न आपल्यापुढे आलाच नसता. केंद्रीय विद्यालयात आजही पहिलीसाठी ३१ मार्च रोजी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे तिथे त्याला यंदा अर्जच करता येणार नाही.

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे एक वर्ष थांबल्याने आपण कोणताही कायदा मोडत नाही. पंचवीस टक्के राखीव जागांतून अर्ज करणार असाल, तर पहिलीसाठी कमाल वयाचीही अट असते. पुढच्या जूनमध्ये तो साडेसहा वर्षांचा असेल आणि त्या मर्यादेत सहज बसेल.

सासूबाईंच्या मुद्द्याबद्दल थोडे विषयांतर करतो. जुन्या पिढीतील किती जणांची जन्मतारीख १ जून आहे, हे एकदा घरात मोजून पाहावे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला की गुरुजी मुलाला दाखल करून घेत आणि रजिस्टरात १ जून लिहीत. तेव्हा त्या काळी "पाचव्या वर्षी" शाळेत गेलेले मूल प्रत्यक्षात किती वर्षांचे होते, हे त्याच्या आईलाच ठाऊक. आज जन्मदाखल्यावरची तारीख जनरल रजिस्टरात जाते आणि तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सोबत राहते, म्हणून नावाचे स्पेलिंग आणि तारीख प्रवेशाच्या दिवशीच तपासून घ्यावी.

उत्तर २: निवृत्त बालवाडी शिक्षिका, सदाशिव पेठ

आपण मुलाचे जे वर्णन केले आहे, त्यात मला काळजीचे काही दिसत नाही. ते साडेपाच वर्षांच्या मुलाचे अगदी नेमके वर्णन आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात आणि त्यांतील शेवटचे हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान केव्हातरी तयार होऊ लागते. बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबाही सावकाशच येतो. त्यामुळे हात दुखतो असे तो म्हणतो तेव्हा तो बहुधा खरेच दुखत असतो. अशा मुलाला गिरवायला जास्त पाने देण्याऐवजी कणीक मळायला, मटार सोलायला, ओला रुमाल पिळायला, कात्रीने कागद कापायला द्यावे. पेन्सिल मुठीतून बोटांत आपोआप येते.

मला महत्त्वाची वाटली ती लघवीची गोष्ट. पहिलीत चाळीस-पन्नास मुलांमध्ये बाई एकेकाला विचारू शकत नाहीत. (कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांना तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पण पुण्यात नावाजलेल्या शाळांचे वर्ग आपण पाहिले असतीलच.) मला लागले आहे, मला समजले नाही, माझा डबा उघडत नाही, ही तीन वाक्ये मूल परक्या मोठ्या माणसाजवळ बोलू शकते का, हे मी पालकांना नेहमी विचारत असे. अक्षरे किती येतात हे मी कधीच विचारले नाही, कारण अक्षरे शिकवणे हे पहिलीचेच काम आहे.

आणखी एक गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. म्हणजे कागदावर तरी बालवाडी आणि शाळा यांमधली भिंत सहाव्या वर्षाशी उरलेली नाही. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात हेच वेगळ्या रीतीने केले होते. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. शाळेने मुलाकडे जायचे, हा त्यांचा क्रम होता. आज आपण मूल शाळेला पुरते तयार झाले का हे तपासतो, आणि ती शाळा साडेपाच वर्षांच्या मुलासाठी तयार आहे का हे विचारायचे राहून जाते. म्हणून प्रवेश घेण्याआधी पहिलीचा वर्ग चालू असताना, शक्यतो डब्याच्या सुट्टीनंतर, मागे बसून अर्धा तास पाहण्याची परवानगी मागावी. मुले जमिनीवर बसून काही हाताळत असतील, गाणी म्हणत असतील, तर यंदा घालायला हरकत नाही. फळ्यावरचे वहीत उतरवणे हेच मुख्य काम असेल, तर थांबावे.

उत्तर ३: एक वडील, कोथरूड

आमची मुलगी डिसेंबर २०१५ ची. २०२१ मध्ये आम्ही तिला नियमात बसते म्हणून पहिलीत घातले आणि त्या वर्षाचा बराच भाग मोबाईलच्या पडद्यासमोर गेला. त्यामुळे तिला जो त्रास झाला त्यातला वयाचा किती आणि टाळेबंदीचा किती, हे मला आजही सांगता येत नाही, हे आधीच कबूल करतो.

दुसरीत तिचे लेखन पूर्ण होत नसे आणि वहीत "सावकाश लिहिते" हा शेरा ठरलेला. तिसरीच्या दिवाळीनंतर तो शेरा बंद झाला. आता चौथीत अभ्यासात ती कोणाच्या मागे नाही. वर्गातील सर्वांत लहान मुले सुरुवातीला मागे वाटतात आणि हे अंतर वर्षागणिक कमी होत जाते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे, आणि आमचा अनुभवही तसाच आहे. जे भरून आले नाही ते वेगळे आहे. खो-खोच्या संघात तिला कोणी घेत नाही, आणि दोन वर्षे शेरा ऐकून "मला लिहिता येत नाही" हे वाक्य तिने इतके पाठ केले आहे की अक्षर सुधारूनही ती ते म्हणते. पुन्हा निर्णय घ्यायचा झाला तर मी थांबेन. माझ्या पत्नीचे मत याच्या उलट आहे, हेही इथे नोंदवतो.

यजमानांना एवढेच सांगावे की वर्ष वाया जाण्याचा हिशेब बारावीच्या टोकाकडून करून पाहावा. यंदा पहिलीत गेला तर बारावीची परीक्षा सव्वासतराव्या वर्षी, थांबला तर सव्वाअठराव्या. त्या वयात या एका वर्षाने नेमके काय अडते, ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

उत्तर ४: एक आई, हडपसर

थांबण्याचा सल्ला देणे सोपे आहे, पण मोठा गट पुन्हा करायचा म्हणजे वर्षाची फी पुन्हा भरायची, आणि बालवाडी तीन तासांत सुटते म्हणून पाळणाघरही चालू ठेवायचे. आम्ही दोघेही नोकरी करतो, घरी आजी-आजोबा नाहीत. शिवाय माझ्या मुलाला मोठ्या गटातच वाचता येऊ लागले होते. तेच तक्ते पुन्हा वर्षभर पाहून तो वर्गात दंगा करू लागला असता. आम्ही साडेपाचव्या वर्षी घातले आणि पस्तावलो नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा २०२४ चा निर्णय आहे. आपली शाळा तो पाळते का, हे मात्र विचारून घ्या, कारण लहान मुलाला साडेसहाला उठवून व्हॅनमध्ये बसवणे हे कोणत्याही अभ्यासापेक्षा अवघड आहे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. तीन वाक्यांची परीक्षा काल घरीच घेऊन पाहिली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे त्याला एकट्याने दहा रुपयांची कोथिंबीर मागायला पाठवले आणि मी दाराशी उभी राहिले. तो पाच मिनिटे काउंटरपाशी गप्प उभा राहिला आणि वाण्याने विचारल्यावर "आई आली आहे" म्हणाला.

मोठा गट पुन्हा करायचे ठरले, तर त्याचे सगळे मित्र पहिलीत जातील आणि तो त्याच वर्गात, त्याच ताईंपुढे राहील, याची मला फीपेक्षाही जास्त चिंता वाटते. त्याला काय सांगावे?

उत्तर २ च्या शिक्षिका

तसे झाल्यास बालवाडी बदलावी. नव्या जागी सगळीच मुले नवी असतात, त्यामुळे मागे राहिल्याचे त्याला कोणी सुचवत नाही. आणि कोथिंबीर आणायला रोज पाठवत जा.

मूळ प्रश्नकर्तीकडून

शाळेत आज पुन्हा फोन केला. वर्ग पाहण्याची पद्धत नाही असे आधी सांगितले, नंतर मुख्याध्यापिकांनी बुधवारी साडेअकराला बोलावले आहे. यजमानही रजा काढून येणार आहेत. पाहून आल्यावर इथे लिहीन.