खानावळीत आरोग्यदायी जेवण कसे रुळवावे?

प्रश्न: साताऱ्यात माझी छोटी खानावळ आहे. चव आणि दर न बिघडवता गिऱ्हाइकांना आरोग्यदायी जेवणाकडे कसे वळवता येईल?

उत्तर: थाळीत ज्वारीची भाकरी न मागताच वाढावी आणि कोशिंबीर सर्वांत आधी ठेवावी, म्हणजे भूक असतानाच काकडी-मुळा पोटात जातो. मिठाची बाटलीही टेबलावरून उचलावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते आणि लोणचे-पापडातूनच त्यातले बरेचसे जाते.

उत्तर: त्याआधी तळणीचे तेल पाहा. एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास २०१८ पासून मनाई आहे. भजी तळून काळे पडलेले तेल रश्श्याच्या फोडणीत घालण्याची सवय मोडल्याशिवाय बाकीचे उपाय मला वरवरचेच वाटतात.

उत्तर: कमी दरात अर्धी थाळीही ठेवावी, वयस्कर मंडळी ती आवर्जून मागतात.